धर्माबादहून समुद्र किती लांब?

शनिवार-रविवारला सोमवारची सुट्टी जोडून आली, की धर्माबाद, उमरी, नायगाव, बिलोली या पट्ट्यातून हल्ली समुद्राकडे गाड्या सुटतात. शाळामास्तर, बँकेतले, तहसील कचेरीतले, एखादा औषधदुकानदार अशी दोन-तीन घरे मिळून गाडी ठरवतात. शुक्रवारी रात्री निघायचे, वाटेत तुळजापूरची भवानी आणि कोल्हापूरची अंबाबाई करायची, घाट उतरून मालवण-तारकर्ली गाठायचे. तिथे सिंधुदुर्ग किल्ला, भरपूर भिजणे आणि पोरांच्या हट्टाखातर स्कुबा डायव्हिंग. या सहलीविषयी घराघरांत दोन मते ऐकू येतात. म्हातारी माणसे म्हणतात, हे नवे खूळ आहे. मराठवाड्याच्या माणसाला समुद्राशी काय देणेघेणे? तरुण म्हणतात, समुद्र फार लांब होता म्हणून मागच्या पिढ्यांनी तो पाहिलाच नाही. मते उलटी असली, तरी धर्माबाद निसर्गतःच समुद्रापासून तुटलेले आहे, हे दोघेही धरून चालतात. इतिहासाचा पुरावा त्या गृहीतकाविरुद्ध जातो. समुद्र जवळ की लांब, हे इथे मैलांनी फारसे ठरले नाही; ते सरहद्दीने, वाटेने आणि सुट्टीने ठरले. आजची सहल या तीन गोष्टींच्या फेरबदलातून घडली आहे.

आधी मैलांचाच हिशेब पाहू. धर्माबाद नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, तेलंगणाला खेटून आहे. नकाशावर सरळ रेषा ओढली तर इथून पश्चिमेचा अरबी समुद्र आणि पूर्वेचा बंगालचा उपसागर जवळपास सारख्याच अंतरावर भरतात, दोन्हीकडे सुमारे पाचशे किलोमीटर. मच्छलीपट्टणचा किनारा तर मालवणपेक्षा जवळच पडतो. गोदावरी इथून पूर्वेलाच जाते, उताराचा कलही तिकडचाच. तरीही धर्माबादच्या घरात समुद्राचा विषय निघाला, की गोवा, गणपतीपुळे, मालवण अशी पश्चिमेची नावे येतात. जवळचा समुद्र सोडून लांबचा आपला वाटावा, हे भूगोलाने समजावता येत नाही. त्यासाठी मागे जावे लागते.

या भागाचा समुद्राशी असलेला सर्वात जुना लेखी संबंध व्यापाराचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्यात पैठण आणि तगर या दख्खनच्या दोन पेठांची नोंद आहे. भडोचच्या बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर, असे त्यात सांगितले आहे. तगर म्हणजे लातूरजवळचे, धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर. तगरचे कापड गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला उतरत असे आणि तिथून जहाजांत चढत असे. या मजकुराला मातीनेही दुजोरा दिला आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात रोमन घाटाच्या वस्तू आहेत आणि हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्तीही आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई शहरात १९३८ साली अशीच एक हस्तिदंती मूर्ती सापडली. दोन्ही मूर्तींचे दागिने आणि घडण इतकी मिळतीजुळती आहे, की अभ्यासक त्यांचा विचार एकत्रच करतात. समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या गावाची कारागिरी आणि भूमध्य सागराकाठचे एक घर यांच्यामध्ये त्या काळी बंदर होते आणि तिथवर जाणारी वाट चालू होती.

पुढे राष्ट्रकूटांच्या काळात हा संबंध राज्यकारभाराचा झाला. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे, म्हणजे लातूरचे स्वामी म्हणवीत. नांदेड जिल्ह्यातले कंधार हे त्यांचे एक महत्त्वाचे ठाणे. तिथला जगत्तुंग सागर हा तलाव त्याच काळातला. या घराण्याची सत्ता कोकण किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी इथे सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा ताम्रपट सांगतो, की संजाणच्या बंदराचा कारभार राष्ट्रकूटांनी मोहम्मद नावाच्या एका ताजिक, म्हणजे अरबी-इराणी वंशाच्या अधिकाऱ्याकडे सोपवला होता. त्याने नदी ओलांडायला फुकट होड्या ठेवल्या आणि वाटसरूंसाठी अन्नछत्र घातले, असेही त्यात नोंदले आहे. त्याच सुमारास, ९१५-१६ च्या आसपास, बगदादचा प्रवासी अल-मसूदी चौलला येऊन गेला आणि तिथे नांदत असलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या मोठ्या वस्तीविषयी त्याने लिहिले. गोदावरी-मांजरा खोऱ्याशी नाते सांगणारे राज्यकर्ते बंदरावर परदेशी माणूस नेमत होते, याचा अर्थ समुद्र त्यांच्या राजकारणाच्या चौकटीत होता.

इथे रास्त आक्षेप येतो. हे सारे राजेरजवाडे आणि सार्थवाह झाले. मराठवाड्याचा कुणबी, कोष्टी, कुंभार यांनी समुद्र कधी पाहिला? आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. तेरच्या विणकराचे कापड भडोचला गेले, म्हणून तोही गेला असे होत नाही. शिवाय धर्मशास्त्राने कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या गोष्टींत समुद्रप्रवास घातला होता, आणि पर्वकाळाखेरीज समुद्रस्नान करू नये, असाही संकेत होता. पण हे निर्बंध गलबतातून परदेशी जाण्याविषयी आणि आंघोळीच्या तिथींविषयी होते. किनाऱ्यावर जाण्याला त्यांनी मोडता घातला नव्हता. उलट सामान्य माणसाला समुद्रापर्यंत नेणारी सर्वात मोठी प्रथा धर्मानेच दिली. काशी-रामेश्वराची यात्रा पुरी व्हायची, तर रामेश्वरच्या सेतूची वाळू प्रयागला नेऊन गंगेत सोडायची आणि गंगेचे पाणी आणून रामेश्वराला घालायचे, असा रिवाज. द्वारका, जगन्नाथपुरी, सोरटी सोमनाथ ही सगळी स्थळे समुद्रकाठचीच. उतारवयात, घरादाराची निरवानिरव करून, महिनोन्‌महिने चालत जाणारे यात्रेकरू मराठवाड्यातूनही निघत. म्हणजे सामान्य माणसाचा समुद्र अगदी नव्हता असे नाही. तो आयुष्यातून एकदा, म्हातारपणी आणि पुण्यासाठी होता. लेकरेबाळे घेऊन, तरुणपणी, नुसत्या आनंदासाठी तिथे जाता येत नव्हते. खरा बदल इथे झाला आहे, आणि तो व्हायला इतका उशीर का लागला, याचे उत्तर अठराव्या शतकापासून शोधावे लागते.

हैदराबादच्या निजामाच्या राज्याला सुरुवातीला पूर्वेचा लांबलचक किनारा होता. कुतुबशाहीच्या काळापासून मच्छलीपट्टण हे गोवळकोंड्याचे, म्हणजे एका अर्थी साऱ्या पूर्व दख्खनचे बंदर. १७५९ मध्ये इंग्रजांनी ते घेतले. १७६६ च्या तहाने निजामाने उत्तर सरकार हा सगळा किनारपट्टीचा मुलूख वार्षिक रकमेच्या बदल्यात कंपनीला देऊन टाकला. १८०२ च्या व्यापारी तहात मच्छलीपट्टण वापरण्याची मुभा तेवढी मिळाली. पुढची जवळजवळ दीडशे वर्षे देशातले लोकसंख्येने सर्वात मोठे संस्थान चारी बाजूंनी जमिनीने वेढलेले राहिले, आणि धर्माबाद, नांदेड, लातूर त्याच्या आत राहिले. ही अडचण दरबाराला पुरती ठाऊक होती. स्वातंत्र्याच्या सुमारास निजामाच्या बाजूने गोव्याचे मुरगाव बंदर पोर्तुगिजांकडून मिळवण्याच्या हालचाली झाल्या, त्या याच अडचणीपोटी. आज धर्माबादचे कुटुंब ज्या गोव्याला हसतखेळत जाऊन येते, तिथे पाय ठेवायला एक धक्का मिळावा म्हणून त्यांच्या आजोबांच्या राज्यकर्त्याने प्रयत्न केले आणि ते फसले.

सरहद्दीने जे केले, तेच रुळांनीही पुढे चालवले. १८९९ ते १९०१ या काळात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली. सिकंदराबादहून निजामाबाद, बासर, धर्माबाद, नांदेड, परभणी, औरंगाबाद अशी ती मनमाडला जाई. ही लाइन मीटरगेज होती आणि मनमाडच्या पुढे मुंबईचा मार्ग ब्रॉडगेज. त्यामुळे मनमाडला सगळे उतरवायचे आणि पुन्हा चढवायचे. लातूरकडे तर १९११ साली पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे त्याहूनही अरुंद, अडीच फुटांची. थोडक्यात, नांदेड आणि लातूर या दोन्ही भागांतून मुंबईच्या किनाऱ्याकडे निघालेल्या माणसाला आणि मालाला कुठे ना कुठे गाडी बदलावी लागत होती. कापसाला ते परवडत होते, कारण त्याची हमाली व्यापारी भरत होता. म्हणून गोदाकाठचा कापूस मुंबईच्या बंदरावर शंभर वर्षांपूर्वीच पोहोचला. तान्ह्या मुलासह निघालेल्या कुटुंबाला मात्र मनमाडच्या फलाटावर रात्र काढणे म्हणजे सहल नव्हे, शिक्षा. निजामाने १९३२ मध्ये सत्तावीस बसगाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली. देशातल्या पहिल्या सरकारी बससेवांपैकी ती एक होती, पण तिची धावही संस्थानाच्या मुलखापुरतीच. मराठवाड्यातल्या मीटरगेजचे रुंदीकरण १९९० च्या दशकात सुरू होऊन पुढच्या दशकात संपले. लातूरची अरुंद लाइनही त्याच दशकात गेली. एवढ्या उशिरा खुल्या झालेल्या वाटेवरचा प्रवास नवा वाटतो, यात नवल नाही.

वाटेइतकाच वेळेचा प्रश्न होता, आणि त्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष कमी गेले आहे. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. हैदराबाद संस्थानात सरकारी सुट्टी शुक्रवारी असे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात आले आणि कचेऱ्यांचा आठवडा रविवारशी जुळला. पण एका रविवारात धर्माबादहून समुद्र होत नाही. त्याला सलग दोन दिवस तरी लागतात, आणि तिसरा मिळाला तर बरे. बँकांना दुसरा व चौथा शनिवार सुट्टीचा झाला तो सप्टेंबर २०१५ पासून. राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला २९ फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी नोकरदाराला लांबची सहल काढायची, तर बहुधा रजा टाकून, उन्हाळ्यात किंवा दिवाळीत. म्हणजे वीकेंड नावाची जी गोष्ट आपण फॅशन समजतो, ती या गावात सरकारी आदेशाने आली आहे.

आता सुरुवातीचा प्रश्न: दोन समुद्रांपैकी पश्चिमेचाच का? त्याचे उत्तर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आहे. भाषावार प्रांत झाले तेव्हा मुधोळ तालुका नांदेडमधून आदिलाबादकडे गेला, किनवट आदिलाबादकडून नांदेडला आले, आणि धर्माबादला लागून असलेले बासरचे सरस्वती मंदिर परराज्यात पडले. मराठवाडा आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. त्यानंतर शाळेच्या भूगोलात किनारा म्हटला की सातशेवीस किलोमीटरचा कोकण किनारा, इतिहासात आरमार म्हटले की सिंधुदुर्ग, आणि शाळेची सहल निघाली की एसटीने रायगड, जंजिरा, गणपतीपुळे. पुस्तकांनी आणि एसटीने मिळून धर्माबादच्या दोन-तीन पिढ्यांचे तोंड पश्चिमेला वळवले. दवाखाना आणि मोठी खरेदी आजही निजामाबाद-हैदराबादला होते, बाजारात बरेच व्यवहार तेलुगूत चालतात. तरी समुद्र मात्र मराठीच. सरहद्द पाण्यावर कशी चालते, हे या तालुक्याला कुणी शिकवायला नको. तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०१३ च्या निकालाप्रमाणे त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. डोळ्यांसमोरून वाहणारी गोदावरी कधी अडवायची, हे जिथे राज्याची सीमा ठरवते, तिथे समुद्र कोणता ‘आपला’ हेही तिनेच ठरवावे, हे सुसंगतच आहे.

या सहलीचे दुसरे टोक, म्हणजे मालवण, तेही याच काळात घडत होते. समुद्री जीवांच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या समुद्रासह सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. मासेमारीवर गदा येईल म्हणून तिथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा ठरला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि न्याहारी-निवास योजनेतून घरांच्या पडव्या पाहुण्यांसाठी सजल्या. पुढे पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कुबा शिकवणारी संस्था उभी केली. स्कुबा कुटुंबाच्या सहलीत बसले, ते त्याच्या यंत्रामुळे. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी असा झडपदार रेग्युलेटर बनवला, की आजूबाजूच्या पाण्याचा दाब जेवढा, तेवढ्याच दाबाची हवा श्वास घेताना तोंडात यावी. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, तरी छातीला श्वास जड जात नाही. त्यामुळे पोहता न येणाऱ्यालाही थोड्या खोलीवर नेता येते. मालवणचा वाकबगार डायव्हर पाठीवरचे सिलिंडर पकडून त्याला शेवटपर्यंत सोडत नाही. आधी गळाभर पाण्यात तोंडाने श्वास घ्यायचा सराव होतो, कान दडपले तर नाक चिमटून हळूच फुंकर मारायला शिकवतात, खुणा सांगतात. गंमत अशी, की पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे ‘मला वर न्या’. रंगीत मासे पाहून खुशीत अंगठा दाखवणारा पाहुणा दोन मिनिटांत बोटीशी आलेला असतो. आड-विहिरीत पोहायला शिकलेले पोर आणि कधी कमरेच्या वर पाण्यात न गेलेली त्याची आई, दोघांनाही हे यंत्र सारखाच प्रवेश देते. किनाऱ्यावर जन्मल्याने मिळणारा फायदा त्याने बराचसा पुसला.

या सगळ्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, ज्या मराठवाड्याला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्याने समुद्रात डुंबायला पैसे उडवावेत का? पण दुष्काळ पाण्याच्या नियोजनाचा प्रश्न आहे, आणि गावात टंचाई असतानाही लोक काशी-रामेश्वरला जातच होते. पुण्यासाठी केलेला खर्च चालतो आणि आनंदासाठी केलेला खटकतो, एवढाच या आक्षेपाचा गाभा उरतो. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो गंभीर आहे. २४ मे २०२२ रोजी स्कुबा करून परतणारी बोट तारकर्लीजवळ उलटून दोन पर्यटक दगावले. पाण्याची सवय नसलेली माणसे लाइफ जॅकेट आहे का, बोटीत माणसे किती, हे विचारायला कचरतात. इथे इतिहासाचा आधार घेऊन सुटका नाही. विचारायलाच हवे, आणि पावसाळ्यात जलक्रीडा बंद असताना कुणी नेतो म्हणाला तरी जाऊ नये. तिसरा आक्षेप निसर्गाचा. माशांना बिस्किटे टाकून फोटो काढणे, प्रवाळावर पाय ठेवणे, यातून ज्या कारणासाठी अभयारण्य झाले तेच झिजते. हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. पण त्यामुळे सहल चूक ठरत नाही, सहलीची रीत चूक ठरते. आणि रीत बदलता येते, कारण ती फार जुनी नाही.

आता पुढचे पाहू. नागपूर-रत्नागिरी महामार्गाने नांदेड, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर जोडून किनाऱ्याची वाट आधीच सोपी केली आहे. वर्धा जिल्ह्यातल्या पवनारहून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्गाचा प्रस्ताव आहे, आणि जमीन जाणार म्हणून कोल्हापूर-सांगलीपासून नांदेड-परभणीपर्यंतचे शेतकरी त्याला विरोध करीत आहेत. रस्ता झाला की समुद्र सगळ्यांचा होईल, असे सांगितले जाते. वरचा पुरावा तसे म्हणू देत नाही. सरहद्द मोडली १९४८ मध्ये, रूळ सरळ झाले अलीकडे, आणि तरी सहल सुरू झाली ती ज्यांच्या आठवड्याला सलग सुट्टी मिळाली त्यांच्याच घरांतून. धर्माबाद मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. हंगामात मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईची मजुरी कामाच्या दिवसावर मिळते. बसून राहिली तर तेवढे पैसे बुडाले. तिच्या दृष्टीने मालवणचा प्रवास दोन तासांनी कमी झाला तरी काही फरक पडत नाही. लोखंडे यांनी १८९० मध्ये सुट्टीचा जो प्रश्न मुंबईच्या गिरणीपुरता सोडवला, तो इथे अजून सुटायचा आहे. धर्माबादहून समुद्र किती लांब, याचे खरे माप म्हणूनच किलोमीटरचे नाही, भरपगारी सुट्टीचे आहे.